ढोपरावरची खपली

जून उजाडला की वालावलच्या मुलांच्या पायांत चपला दिसेनाशा होतात. शाळा सुटल्यावर लक्ष्मीनारायणाच्या देवळाजवळचं तळं किती भरलं ते बघायचं, चिऱ्याच्या गडग्यावरून उडी मारायची, मळ्यात लावणी चालू असेल तर दप्तर बांधावर टाकून चिखलात उतरायचं. घरात शिरतात तेव्हा ढोपर सोललेलं, कोपरावर ओरखडा, पोटऱ्यांवर डास चावून खाजवून लाल केलेले ठिपके.

आपण नेमके त्याच वेळी गडबडीत असतो. वीज गेलेली, भात चुलीवर, ओले कपडे पडवीत दोरीवर, सासूबाईंच्या गोळीची वेळ झालेली. कुडाळहून शेवटच्या एसटीने येणारा बाबा अजून वाटेत. पाठ न वळवताच आपण विचारतो, "काय झाला रे?" उत्तर येतं, "कायेक नाय." आणि आपल्याला ते लगेच पटतं, कारण ते सोयीचं असतं.

मूल खोटं का बोलतं, याचा विचार करायला हवा. सहा-सात वर्षांचं पोर मनातल्या मनात चटकन हिशेब करतं. जखम दाखवली तर आधी ओरडा बसणार. मग कुणीतरी म्हणणार, "चल डॉक्टरकडे, सुई मारतील." आणि उद्यापासून मळ्यात जाणं बंद. एवढी किंमत मोजून ढोपर कोण दाखवील? तुम्ही-आम्हीही लहानपणी नाही दाखवलं.

आपण ओरडतो ते रागावून नाही, घाबरून. पण मुलाला ऐकू येतो तो राग. म्हणून आमच्या वाडीतल्या काही आयांनी आपापसात ठरवून टाकलंय की रक्त दिसलं की पहिलं वाक्य फक्त "दाखय बघया" एवढंच. चपलेचा विषय जेवणं झाल्यावर. तोवर आपलाही आवाज खाली आलेला असतो. रोज जमतं असं नाही. जमेल त्या दिवशी मूल मात्र न सांगता पाय पुढे करतं.

आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. मूल लहान असतं तोवर आपणच त्याला आंघोळ घालतो, त्यामुळे अंगावरचा प्रत्येक फोड आपल्या नजरेखालून जातो. आठ-नऊ वर्षांचं झालं की ते न्हाणीचं दार लावून घेतं. ते योग्यच आहे. पण त्या दिवसापासून त्याची पाठ, मांड्या, बगला कुणी बघतच नाही. मग रविवारी नखं कापण्याच्या निमित्ताने जवळ बसवावं. नखं कापता कापता बोटांच्या बेचक्या दिसतात, पाय दिसतात, आणि आठवडाभर पोटात ठेवलेली एखादी गोष्टही बाहेर येते.

हे सगळं एवढ्या आस्थेनं सांगते आहे, कारण या बारीकसारीक दारांतून आत शिरणारे जंतू बरेचसे एकाच मोठ्या घराण्यातले आहेत. त्यांची ओळख पटवली ती हान्स क्रिस्टियन ग्राम या डॅनिश डॉक्टरने, १८८४ साली बर्लिनमध्ये. न्यूमोनियाने गेलेल्या माणसांच्या फुफ्फुसांचे काप तो सूक्ष्मदर्शकाखाली बघत असे. जंतू उठून दिसावेत म्हणून त्याने जेन्शियन व्हायोलेट हा जांभळा रंग लावला, वर आयोडीन घातलं आणि मग अल्कोहोलने धुतलं. काही जंतूंचा रंग निघून गेला, काहींनी तो सोडलाच नाही. ज्यांनी धरून ठेवला त्यांना पुढे ग्राम-पॉझिटिव्ह म्हणू लागले. त्यांच्या पेशीभोवतीची भिंत जाड असते, आत गेलेला रंग बाहेर येत नाही. जांभळं खाऊन आलेल्या पोराचा गणवेश आपण धुतो, तेव्हा जे होतं तेच.

हाच जांभळा रंग आपल्या लहानपणी आरोग्य केंद्रात बाटलीत असायचा. ढोपर फुटलं की कापसाचा बोळा बुडवून तो लावायचे आणि आपण आठवडाभर जांभळे पाय मिरवायचो. प्रयोगशाळेत जंतू ओळखून देणारा रंग आणि आपल्या जखमेवरचं औषध एकच होतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक!

पावसाळ्यात आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात ज्याची धास्ती असते तो लेप्टो या घराण्यातला नाही. दोडामार्ग-बांद्याकडचा माकडताप तर विषाणूचा. त्यांची भीती खरीच आहे. पण मोठ्या नावांच्या भीतीत आपण छोट्या जखमेकडे काणाडोळा करतो. गळू, केसतूड, डोळ्यावरची रांजणवाडी, नखाच्या कडेला ठणकणारं नखुरडं, यांच्यामागे बहुतेक वेळा एकच जंतू असतो, स्टॅफिलोकॉकस ऑरियस. तो काही परका नव्हे. दर तीन-चार माणसांत एकाच्या नाकात तो निवांत राहत असतो, काहीही त्रास न देता. नाकात बोट घालायचं आणि त्याच नखाने डासाचा चावा खाजवायचा, एवढी वाट त्याला पुरते. मूल अस्वच्छ आहे किंवा आपण कमी पडलो, असा त्याचा अर्थ नाही.

दुसरा जंतू म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस. लहान मुलांच्या नाकाखाली, हनुवटीवर किंवा पायांवर पाणी धरलेले फोड येतात, फुटतात आणि त्यावर मधाच्या रंगाची पिवळी खपली धरते, ते काम या दोघांपैकी एकाचं, कधी दोघांचंही. आपल्याकडे पावसात कपडे वाळत नाहीत, ओलसर चड्डी तशीच अंगावर चढते, एकच टॉवेल तीन भावंडं वापरतात. एकाला फोड आले की चार दिवसांत धाकटीलाही. त्यात खरूज असेल तर विचारू नका. खरूज किड्याची असते, पण खाजवून झालेल्या जखमांत हे जंतू येऊन बसतात.

खरजेचं एक दुःख औषधाच्या चिठ्ठीत मावत नाही. वर्गात त्या मुलाच्या शेजारी कुणी बसत नाही. डबा खायला बोलवत नाहीत. घरी येऊन ते म्हणतं, पोटात दुखतंय, उद्या शाळेत नको. आपण पोटावर ओवा-हिंग देतो. खरं दुखणं बाकावर असतं. शिक्षकांना गाठून, मुलासमोर नव्हे, बाजूला घेऊन, औषध सुरू केलंय एवढं सांगितलं तरी पुष्कळ फरक पडतो. आणि खरजेचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं असतं, ज्यांना खाज नाही त्यांनीही. आपण फक्त मुलाला लावतो आणि महिन्याभरात पुन्हा तेच. मग म्हणतो, औषधाचा गुण नाही.

फोडांसाठी घरी काय करायचं ते फार थोडं आहे. साबण आणि स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने धुणं, खपली भिजवून काढणं, नखं कापलेली ठेवणं, टॉवेल वेगळा. शेण, राख, चुना काही लावायचं नाही. बिब्ब्याचं तेल तर मुलाच्या कातडीला मुळीच नको, त्याने भाजतं. आजीला मात्र हे सांगताना जरा जपून. तिने आपल्याला त्याच उपायांनी वाढवलंय, तिचा हात झिडकारल्यासारखं होऊ नये. "आये, आज साबणान धुवया, डॉक्टरांनी सांगितल्यानी," असं म्हटलं की तीच पाणी कोमट करून आणते.

गळू मात्र पिळायचं नाही. नाकावरचं आणि वरच्या ओठावरचं तर अजिबात नाही, तिथून संसर्ग आत खोलवर जाऊ शकतो. जखमेभोवती लाली पसरत चालली, गरम लागतंय, लाल रेघ वर सरकते आहे, ताप आला, डोळा सुजून मिटला, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. ओरोसचं जिल्हा रुग्णालय लांब वाटतं, गोव्यातलं बांबोळीचं त्याहून लांब, पण अशा रात्री शेजारच्याची गाडी मागायला लाजायचं नसतं.

स्ट्रेप्टोकॉकसची खरी खोड पुढेच आहे. फोड वाळतात, घसा बरा होतो, आपण विसरून जातो, आणि त्यानंतर तो दुसरीकडे दुखणं काढतो. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत, अंगावर फोड येऊन गेले असतील तर कधी आणखी उशिराने, सकाळी उठल्यावर मुलाचं तोंड आणि पापण्या सुजलेल्या दिसतात. लघवी कमी होते, काळ्या चहाच्या रंगाची होते. शरीराने जंतूशी लढायला जी शस्त्रं तयार केली, त्यांचाच त्रास मूत्रपिंडांना झालेला असतो. बहुतेक मुलं यातून पूर्ण बरी होतात. पण तोवर रक्तदाबावर लक्ष लागतं, म्हणून डॉक्टर हवेतच. अशा वेळी मागच्या महिन्यात अंगावर फोड होते, हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावं. आपल्याला त्याचा संबंध वाटत नाही, म्हणून आपण सांगत नाही.

आता घशाबद्दल. इथे आपण सगळेच दोन टोकांना असतो. एक तर प्रत्येक सर्दी-खोकल्याला मागच्या वेळचं अँटिबायोटिक फ्रिजमधून काढतो, नाहीतर मिठाच्या गुळण्या आणि हळद-दूध देऊन आठवडा काढतो. बहुतेक घसेदुखी विषाणूंची असते. नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर गुळण्या आणि विश्रांतीनेच भागतं, अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. पण पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला एकाएकी ताप भरला, थुंकी गिळतानाही दुखतंय, मानेला गाठी लागतात, टॉन्सिलवर पांढरं दिसतंय आणि सर्दी-खोकला मात्र नाही, तर ते स्ट्रेप्टोकॉकसचं काम असू शकतं. तेव्हा डॉक्टरांना घसा दाखवायलाच हवा.

का, ते सांगते. अशा घशाकडे दुर्लक्ष झालं तर काही मुलांना दोन ते चार आठवड्यांनी संधिवाताचा ताप येतो. आज उजवं ढोपर सुजतं, दोन दिवसांनी ते बरं होतं आणि घोट्यात दुखू लागतं, मग मनगटात. मूल म्हणतं, पाय दुखतात. आपण म्हणतो, वाढीचं दुखणं आहे, तेल लावून देते. वाढीचं दुखणं असतंही, पण ते रात्री येतं, दोन्ही पायांत येतं, सकाळी पोर उड्या मारत असतं आणि सांधा कधी सुजत नाही. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. कारण संधिवाताच्या तापात सांधे बरे होऊन जातात, धोका असतो हृदयाच्या झडपांना. जगभरात या झडपांच्या आजाराने अजूनही दरवर्षी तीन लाखांहून अधिक माणसं जातात, आणि हा आजार श्रीमंत देशांतून जवळजवळ हद्दपार झालेला आहे. गर्दीची घरं, लांब असलेला डॉक्टर आणि राहून गेलेलं औषध, इथेच तो टिकून आहे.

या आजाराचं एक रूप असं आहे की वाचल्यावर माझ्या पोटात तुटलं. काही मुलांना, त्यातही मुलींना जास्त, घसा दुखून कित्येक महिने उलटल्यावर हातापायांना झटके येऊ लागतात. मुद्दाम केलेले नसतात, थांबवता येत नाहीत. हातातून कप पडतो. अक्षर बिघडतं. बसल्या जागी चुळबुळ चालू असते, तोंड वेडंवाकडं होतं, उगाच रडू येतं. झोप लागली की सगळं शांत. आता अशा मुलीचं घरात आणि वर्गात काय होत असेल, ते तुम्हीच बघा. "लक्ष कुठे आहे तुझं?" "काल चांगलं होतं ना अक्षर?" "तिसरा कप फोडलास!" दिवसभर बोलणी. आणि तिला स्वतःलाही कळत नसतं की आपला हात आपलं का ऐकत नाही.

म्हणून चांगल्या अक्षराचं पोर अचानक गिचमिड करायला लागलं, तर वही फाडण्याआधी एकदा थांबावं. दहात नऊ वेळा तो नुसता कंटाळा असेल. पण शेजारी बसून "हात दुखतो काय गो?" असं विचारायला काही लागत नाही.

आणि हे सगळं टाळायला औषध आहे, तेही जुनं, स्वस्त. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झालं तरी संधिवाताचा ताप टळतो. एवढा अवधी आहे आपल्याकडे, धावपळ करून छाती फुटायची गरज नाही. ज्यांना हा ताप येऊन गेलाय त्यांना तो पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं, वर्षानुवर्षं. कमीत कमी पाच वर्षं किंवा वयाची एकविशी, यातलं जे उशिरा येईल तोवर. झडपेला इजा असेल तर त्याहून अधिक. असं मूल तुमच्या घरात किंवा शेजारी असेल तर त्याची तारीख कॅलेंडरवर लिहिण्याचं काम आपण करावं. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला दर महिन्याला आठवण करून दिली की ते चिडतं. चिडू दे. त्याला वाटत असतं, मी तर ठणठणीत आहे, मलाच का?

पेनिसिलिनचा आणि आपल्या महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. अलेक्झांडर फ्लेमिंगला १९२८ साली लंडनमध्ये ते सापडलं, तेही स्टॅफिलोकॉकस वाढवलेल्या बशीवर बुरशी पडल्यामुळे. आपल्या देशात ते तयार व्हावं म्हणून १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने. आपल्या आजोबांच्या पिढीत साध्या गळवाने माणूस जायचा. नंतरच्या पिढीला ते आठवतही नाही.

फ्लेमिंगने १९४५ साली नोबेल स्वीकारताना केलेल्या भाषणात एक काल्पनिक किस्सा सांगितला होता. एका गृहस्थाचा घसा दुखतो, तो दुकानातून पेनिसिलिन आणतो, पुरेसं घेत नाही, जंतू मरत नाहीत, उलट औषधाला तोंड द्यायला शिकतात. मग तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात आणि तिच्यावर औषध चालत नाही. बायको जाते. त्या भाषणाला आता ऐंशी वर्षं झाली. घशातला स्ट्रेप्टोकॉकस आजही पेनिसिलिनला दबून आहे, हे आपलं नशीब. त्याचा चुलता स्टॅफिलोकॉकस मात्र कधीच शिकून तयार झाला. पेनिसिलिन तर सोडाच, त्यानंतर आलेल्या मेथिसिलिनलाही त्याने १९६१ पर्यंत दाद देणं सोडलं होतं. आज आपल्याकडच्या रुग्णालयांत डॉक्टर त्याच्याशी झगडत असतात.

तो काल्पनिक गृहस्थ आपण सगळेच आहोत, हे कबूल करू या. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, मूल खेळायला लागतं, कडू औषधासाठी त्याच्यामागे धावायला आपल्यात त्राण नसतं, आणि बाटली फ्रिजच्या दारात जाऊन बसते. पुढच्या महिन्यात धाकट्याला ताप आला की तीच बाहेर निघते. पूड कालवून केलेलं पातळ औषध थोडेच दिवस टिकतं, लेबलवर लिहिलेलं असतं. ते दिवस संपले की बाटली ओतून द्यावी. ज्या गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्या नसतात. त्या रेघेची माहिती सरकारने २०१६ साली मोहीम काढून दिली होती. घशासाठी दहा दिवस सांगितले तर दहा दिवस. आणि डॉक्टर म्हणाले, "याला अँटिबायोटिकची गरज नाही," तर त्यांना कंजूष समजू नका. आपण त्यांच्यासमोर बसून "काहीतरी स्ट्राँग द्या" म्हणतो, तेव्हा त्यांचीही पंचाईत होते.

पोटाचं थोडक्यात सांगते. याच घराण्यातला बॅसिलस सेरेयस तांदळात असतो. भात शिजला तरी त्याचे बीजाणू मरत नाहीत. कोमट भात टोपात तसाच राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. मग फोडणी द्या, परतून घ्या, ते विष जात नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या. स्टॅफिलोकॉकसचंही तसंच, बोटाला गळू झालेल्या हाताने वळलेले लाडू-पेढे निमित्त होतात. पावसात वीज दहा-दहा तास जाते तेव्हा फ्रिजवर भिस्त ठेवू नये. डब्यात रात्रीचा फोडणीचा भात देणाऱ्या आईला कुणी नावं ठेवू नयेत, सकाळी सहाची एसटी पकडायची असते तिला. फक्त रात्रीच तो भात पसरून गार करून लगेच फ्रिजमध्ये गेलेला असावा, आणि वीज राहिलेली असावी. नसेल तर डब्यात पोळी-गूळ. एक दिवस काही बिघडत नाही.

धनुर्वाताचा जंतूही ग्राम-पॉझिटिव्हच. मातीत, शेणखतात त्याचे बीजाणू वर्षानुवर्षं पडून राहतात. गंजलेल्या खिळ्याची आपण भीती घालतो, पण गंजाने काही होत नाही. खोल, मातीने भरलेली, हवा न लागणारी जखम त्याला हवी असते, मग ती काट्याची का असेना. नाळेला शेण-राख लावल्यामुळे पूर्वी किती बाळं आठवड्याभरात गेली. बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, आयांना लस मिळू लागली, आणि २०१५ साली भारतातून नवजात बाळांचा धनुर्वात संपुष्टात आल्याचं जाहीर झालं. ही केवढी मोठी गोष्ट, आणि आपण तिचा उच्चारही करत नाही.

उलट दर खरचटण्याला मुलाला टीटी द्यायला नेतो. लशी वेळेवर झालेल्या असतील तर बहुतेक वेळा त्याची गरज नसते, डॉक्टरांना कार्ड दाखवून विचारावं. विनाकारण टोचलेली प्रत्येक सुई पुढची जखम लपवायला शिकवते. आणि खरंच टोचायचं असेल तर "काही दुखणार नाही" असं सांगू नये. दुखतं. "मुंगी चावल्यासारखं"पेक्षा जरा जास्तच दुखतं. "थोडं दुखेल, मी हात धरून ठेवते, कुठल्या हातावर घ्यायचं ते तू सांग," एवढं बोललं तरी मूल सावरतं. रडू दिलं तरी चालेल. आपल्या शेजारी बसलेल्यांना काय वाटेल ही काळजी आपली, त्याची नव्हे.

ज्या न्यूमोनियाच्या फुफ्फुसांवर ग्रामने रंग टाकला, त्यातल्या न्यूमोकॉकसची लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात आली आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना. तरीही खोकणाऱ्या बाळाचा श्वास मोजायला शिकून ठेवावं. बाळ शांत असताना अंगडं वर करून मोबाइलच्या घड्याळावर पूर्ण एक मिनिट. दोन महिने ते एक वर्षापर्यंत मिनिटाला पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत चाळीस किंवा जास्त, अथवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर निघायचं.

राहिला घटसर्प. तो गेला असं आपण धरून चालतो. भारतात तो अजून आहे, आणि आता मोठ्या मुलांनाही होतो, कारण लहानपणीच्या लशीचा जोर ओसरतो आणि पुढचे डोस राहून जातात.

राहतात कारण मूल दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत आपण कार्ड जिवापाड जपतो. नंतर ते रेशनकार्डाच्या पिशवीत जातं. पाच ते सहा वर्षांचा डीपीटीचा बूस्टर शाळेच्या प्रवेशाच्या गडबडीत चुकतो. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची लस असते, धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींची, हे कितीतरी घरांत माहीतच नसतं. आज रात्री ती पिशवी काढा, कार्ड शोधा आणि मुलालाच तारखा वाचायला सांगा. एखादी राहिली असेल तर उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका, आरोग्य सेविकेला किंवा आशाताईंना विचारा. या लशी सरकारी केंद्रात मोफत मिळतात.